जाहिरातीची लागण आणि गिऱ्हाइकाचा खोडवा
(शहरात दुकान थाटणाऱ्या सभासदांच्या मुलामुलींसाठी)

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



अंकाच्या या पानावर एरवी बेणेप्रक्रिया, खतांच्या मात्रा, हुमणीचा बंदोबस्त असे विषय येतात. या वेळी विषय जरा वेगळा आहे. गेल्या काही हंगामांत गट सभा संपली, चहा झाला, की एखादा सभासद बाजूला घेऊन विचारतो, "साहेब, पोरानं कोथरूडला गाळा घेतलाय. गूळ, काकवी, घाण्याचं तेल, डाळी ठेवतो. माल चांगला आहे, पण गिऱ्हाईक नाही. मोबाईलवर जाहिरात करायची म्हणतो, पैसे मागतो. द्यावेत का?"

हा प्रश्न साधा नाही. गाळ्याची अनामत उसाच्या बिलातून गेलेली असते. महिन्याचे भाडे ठरल्या तारखेला द्यावेच लागते. त्यात जाहिरातीचा पैसा वाया गेला, तर पुढच्या लागणीच्या खताला हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून आम्ही या विषयाची माहिती जमवली, दुकानदारांशी बोललो आणि जे समजले ते आपल्या शेतीच्या भाषेत येथे मांडत आहोत. जाहिरात हा आमच्या पदविकेचा विषय नव्हे. पण एकरी खर्च आणि एकरी उत्पन्न यांचा हिशेब आपल्याला येतो, आणि या धंद्यातही शेवटी तोच लागतो.

कोथरूडच का?

कोथरूड हे एकेकाळी पुण्याबाहेरचे शेतीचे गाव. १९६२ साली तेथे किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना आला, पुढे वसाहती झाल्या आणि १९८० नंतर तर सोसायट्यांची दाटीच झाली. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, भुसारी कॉलनी, पौड रस्ता, कर्वे रस्ता हा सारा पट्टा आज नोकरदार, निवृत्त मंडळी आणि विद्यार्थी यांनी भरलेला आहे. बरीच घरे मराठी, चार पैसे जास्त देऊन चांगला माल घेणारी, आणि तितकीच चोखंदळ.

शेतकऱ्याने थेट विकण्याची सवयही या भागाला आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने पुण्यात जे शेतकरी आठवडे बाजार २०१४ च्या सुमारास सुरू झाले, त्यांत कोथरूडच्या गांधीभवनाचा बाजार अगदी सुरुवातीचा. जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाल्यावर अशा बाजारांना आणखी वाट मिळाली. आठवडे बाजाराची खरी जाहिरात कोणती? ठरलेला वार आणि ठरलेली जागा. गिऱ्हाइकाला शोधत बसावे लागत नाही. दुकानदाराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

जाहिरात जुनीच, पाणी देण्याची रीत नवी

कारखानदाराने शेतकऱ्याशी छापील अक्षरांतून बोलणे आपल्याकडे नवे नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते आपल्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचावी म्हणूनच. पुढे तेच 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घरांत स्थिरावले. नुसते 'आमचा माल घ्या' न म्हणता उपयोगाचे काही सांगत राहावे, हा त्यातला धडा आजही तितकाच खरा आहे.

दुकानदाराचे जुने मार्ग आपल्याला ठाऊक आहेत: वर्तमानपत्रात घालून वाटायची पत्रके, रिक्षावरचा भोंगा, चौकातला फलक. यांना पाटपाण्याची उपमा देता येईल. पाणी सगळ्या शेतात फिरते, पिकालाही मिळते आणि बांधावरच्या गवतालाही. शिवाय महापालिकेच्या परवानगीवाचून फलक लावणे हा १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरतो, हेही लक्षात असू द्यावे.

मोबाईलवरची जाहिरात म्हणजे ठिबक. कोणत्या भागातल्या, कोणत्या वयाच्या माणसाला, किती वाजता दाखवायची, रोज किती रुपये खर्च करायचे, हे सगळे आपण ठरवतो. दिवसाला दोनशे-तीनशे रुपयांतही सुरू करता येते आणि नको वाटली की त्याच क्षणी बंद करता येते. मात्र ठिबक बसवले म्हणून पीक येत नाही. नळीला छिद्र भलत्या ठिकाणी पडले असेल तर पाणी वायाच जाते. बहुतेकांचे पैसे बुडतात ते याच कारणाने.

पहिले काम बिनपैशाचे

जाहिरातीला रुपया खर्च करण्याआधी दुकानाची नोंद गुगलच्या नकाशावर करावी. ही नोंद पूर्णपणे मोफत आहे. नाव, पत्ता, फोन, दुकानाचा प्रकार, वेळा आणि फोटो भरायचे. मग गुगल खात्री करून घेते. त्यासाठी हल्ली बहुधा दुकानाचा, पाटीचा आणि आतल्या मालाचा छोटा व्हिडिओ मागतात. घरातूनच माल पोचवणाऱ्यांनी पत्ता झाकून ठेवून फक्त 'अमुक भागात सेवा देतो' एवढेच दाखवावे. तशी सोय आहे.

'जवळचे किराणा दुकान' किंवा 'घाण्याचे तेल' असे कोणी शोधले की कोणते दुकान वर दाखवायचे, हे गुगल मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरवते: विचारलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळते, ते किती अंतरावर आहे आणि लोकांत त्याचे नाव किती आहे. या नोंदींच्या यादीत पैसे देऊन नंबर वर नेता येत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. म्हणून कोणी फोन करून "नकाशावर पहिला नंबर लावून देतो, दहा हजार भरा" म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा.

मग आपल्या हातात काय? नोंद नेमकी भरणे. नुसते 'दुकान' न लिहिता काय काय मिळते ते मराठीत आणि इंग्रजीतही लिहावे. स्वतः काढलेले, उजेडातले खरे फोटो टाकावेत. दुकानाच्या वेळा खऱ्या लिहाव्यात. पुण्यात दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची थट्टा होते, पण बंद ठेवत असाल तर तसे सरळ लिहून टाका. गिऱ्हाईक त्याला रागावत नाही. 'उघडे आहे' असे वाचून आलेल्या माणसाला कुलूप दिसले, की तो पुन्हा येत नाही, वर चार ओळी वाईट लिहून जातो.

लोकांचे अभिप्राय महत्त्वाचे आहेत. समाधानी गिऱ्हाइकाला "दोन ओळी लिहा" असे अवश्य म्हणावे. अभिप्रायाच्या बदल्यात सूट किंवा वस्तू देऊ नये, ते गुगलच्या नियमात बसत नाही. पैसे देऊन खोटे अभिप्राय तर मुळीच घेऊ नयेत. वाईट अभिप्राय आला तर भांडू नये. काय झाले, काय दुरुस्त केले, ते शांतपणे लिहावे. ते उत्तर पुढची शंभर गिऱ्हाइके वाचतात.

पैशाची जाहिरात दोन जातींची

एक जात शोधणाऱ्यासाठी. माणूस मोबाईलवर काहीतरी शोधतो आणि त्याच्या उत्तरात आपली जाहिरात वर दिसते. ही गुगलची पद्धत. हा माणूस आधीच तहानलेला असतो. पौड रस्त्यावर एमआयटीच्या आसपास राहणारा विद्यार्थी 'मेस' शोधतो, तेव्हा त्याला आजच डबा हवा असतो. डबा, केटरिंग, दुरुस्तीची कामे, शिकवण्या अशा धंद्यांना ही जात मानवते.

दुसरी जात दाखवण्याची. माणूस फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर करमणुकीसाठी बसलेला असतो, त्याला आपण काकवीचा फोटो किंवा गुऱ्हाळाचा व्हिडिओ दाखवतो. त्याने मागितलेले नसते. म्हणून येथे चित्र आणि पहिले वाक्य यांनाच काम करावे लागते. काकवी, गूळ पावडर, हातसडीचा तांदूळ यांसारख्या मालाला ही जात बरी, कारण 'काकवी' असे मुद्दाम शोधणारे रोज किती निघणार? पण कढईतून उतरणारी गरम काकवी पाहिली की लहानपण आठवणारे कोथरूडमध्ये पुष्कळ निघतील.

दोन्हीकडे जागा मिळते ती लिलावाने. मार्केट यार्डात गुळाचा सौदा होतो तसाच हा सौदा, फक्त माणूस मोबाईल उघडतो त्या क्षणात उरकतो. फरक एक आहे. यार्डात जास्त बोलणाऱ्याला माल मिळतो. येथे बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही बघतात. शोधणाऱ्याच्या कामाची, नीट लिहिलेली जाहिरात कमी बोलीतही वर येऊ शकते. गुगलवर शोधाच्या जाहिरातीचे पैसे साधारणतः कोणी तिच्यावर बोट ठेवले तरच लागतात. फेसबुकला मात्र नुसती दाखवल्याचेही लागतात. म्हणून तेथे भलत्या लोकांना दाखवणे अधिक महाग पडते.

वर्तुळ आणि टेकडी

ही चूक आम्ही बऱ्याच दुकानांत पाहिली, म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

जाहिरात देताना नकाशावर टाचणी टोचून तिच्याभोवती वर्तुळ आखता येते: एक किलोमीटर, तीन किलोमीटर, पाच किलोमीटर. मुलगा उत्साहाने पाच किलोमीटर धरतो. पण वर्तुळाला रस्ते कळत नाहीत. कोथरूडच्या उत्तरेला वेताळ टेकडी आहे. तिच्या पलीकडचे पाषाण नकाशावर जवळ दिसते, पण माल पोचवायचा तर टेकडीला वळसा घालून जावे लागते. दुसऱ्या अंगाला मुठा नदी आहे. पलीकडचा सिंहगड रस्ता वर्तुळात येतो, पण पुलावरच्या गर्दीतून शंभर रुपयांचा माल पोचवायला कोण जाणार? आणि तिकडचे गिऱ्हाईक तरी गुळासाठी एवढ्या लांब का येईल?

यावर उपाय सोपा आहे. मोठे एक वर्तुळ न आखता, जेथे आपली सायकल किंवा गाडी सहज फिरते तेथे लहान लहान दोन-तीन वर्तुळे आखावीत. टेकडीपलीकडचा आणि नदीपलीकडचा भाग वगळावा. भाग वगळण्याची सोय दोन्हीकडे आहे.

आणखी एक खाच. गुगलची जाहिरात भरताना 'त्या भागात असलेले' आणि 'त्या भागात रस दाखवणारे' अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना दाखवण्याचा पर्याय आधीच निवडलेला असतो. म्हणजे नागपुरात बसून कोथरूडमधले भाड्याचे घर शोधणाऱ्यालाही आपली जाहिरात दिसू शकते. तेथे जाऊन फक्त 'त्या भागात असलेले' एवढेच ठेवावे. फेसबुकवर तर त्या भागात राहणारे आणि नुकतेच येऊन गेलेले एकत्रच धरले जातात. वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तेव्हापासून आयडियल कॉलनी, आनंदनगर या स्थानकांवर येणारे-जाणारेही त्यांत सापडतात. म्हणून जाहिरातीतच ठळक लिहावे: 'कोथरूडमध्ये घरपोच'. बाहेरचा माणूस आपोआप गळतो.

शब्दांची निवड आणि खुरपणी

शोधाच्या जाहिरातीत कोणत्या शब्दांवर दिसायचे ते आपण सांगतो. लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून दोन्ही लिप्यांत शब्द द्यावेत. 'गूळ' एवढाच शब्द देऊ नये, 'गूळ घरपोच कोथरूड', 'घाण्याचे शेंगदाणा तेल' असे नेमके द्यावेत.

त्याहून महत्त्वाची खुरपणी. एखाद्याने रसवंती टाकली आणि 'उसाचा रस' हा शब्द दिला. आता 'उसाचा रस मशीन किंमत', 'उसाचा रस फायदे', 'रसवंती नोकरी' असे शोधणारेही जाहिरातीवर बोट ठेवू शकतात. त्यांना रस प्यायचा नाही, पण पैसे आपले जातात. म्हणून 'मशीन', 'फायदे', 'नोकरी', 'कृती' हे शब्द वगळण्याच्या यादीत घालावेत. दर आठवड्याला लोकांनी काय शोधले त्याचा तक्ता मिळतो. तो वाचून तण काढत राहावे. महिनाभर खुरपणी केली की त्याच पैशात कामाचे गिऱ्हाईक जास्त येते.

हिशेब: लागण आणि खोडवा

आता मुख्य गोष्ट. समजा, मुलाने रोज ३०० रुपये याप्रमाणे १० दिवस जाहिरात केली. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

जाहिरातीचा खर्च: ३,००० रुपये
त्यावर १८ टक्के जीएसटी: ५४० रुपये
एकूण खर्च: ३,५४० रुपये
त्यातून आलेली नवी गिऱ्हाइके: १८
सरासरी खरेदी: ४५० रुपये
मालाची खरेदी, पुडी आणि पोचवणी वजा जाता दर गिऱ्हाइकामागे सुटलेले: १३५ रुपये
एकूण सुटलेले: २,४३० रुपये

म्हणजे १,११० रुपये तोटा. येथे बहुतेक घरांत वाद होतो. वडील म्हणतात बंद कर, मुलगा म्हणतो अजून पैसे घाला. दोघेही अर्धाच हिशेब करत असतात.

आपल्या उसाचेच बघा. नांगरट, सरी, बेणे, लागण, बेसल डोस हा सगळा खर्च पहिल्या पिकावर पडतो. खोडव्याला बेण्याचा आणि मशागतीचा खर्च नसतो, म्हणून चार पैसे खोडव्यातच सुटतात. जाहिरातीचेही तेच आहे. वरच्या १८ पैकी ७ गिऱ्हाइके पुढचे तीन महिने दर महिन्याला एकदा परत आली, तर ७ गुणिले ३ गुणिले १३५ म्हणजे २,८३५ रुपये आणखी सुटले. एकूण ५,२६५. त्यातून ३,५४० वजा जाता १,७२५ रुपये नफा. तीच जाहिरात, तोच खर्च. एका हिशेबात तोटा, दुसऱ्यात नफा.

यावरून दोन गोष्टी निघतात. गिऱ्हाईक परत येत नसेल, तर जाहिरात वाढवून काही होणार नाही. मालात, वजनात, भावात किंवा बोलण्यात काय बिघडले ते आधी पाहावे. जमीन चोपण असताना बेणे बदलत बसण्यात अर्थ नाही. आणि गिऱ्हाईक परत येत असेल, तर पहिल्या विक्रीतला थोडा तोटा पाहून घाबरू नये. मात्र किती तोटा सोसायचा आणि किती महिने वाट पाहायची, हे आधी कागदावर लिहून ठेवावे. ती मर्यादा गाठली की जाहिरात थांबवावी. कर्ज काढून जाहिरात करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

हा हिशेब करायला वहीच लागते. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, "आमचं दुकान कुठून कळलं?" आणि तारखेसह लिहायचे: नकाशा, फेसबुक, शेजारीण, पाटी. कंपन्या किती लोकांनी पाहिले, किती जणांना आवडले, याचे मोठे आकडे दाखवतात. त्या आकड्यांनी गाळ्याचे भाडे भरता येत नाही. वहीतला आकडाच खरा.

खोडव्याची निगा

खोडवा सोडून दिला तर उतारा पडतो. पाचट ठेवावे लागते, बगला फोडाव्या लागतात, नांग्या भराव्या लागतात. गिऱ्हाइकाच्या खोडव्यासाठी सर्वात स्वस्त अवजार म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचे धंद्यासाठीचे ॲप. ते भारतात २०१८ च्या सुरुवातीला आले. त्यात मालाची चित्रांसह यादी लावता येते, दुकानाच्या वेळा आणि पत्ता देता येतो, ठरावीक उत्तरे साठवता येतात. फेसबुकवरच्या जाहिरातीवर बोट ठेवले की थेट आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे सुरू होईल, अशीही सोय आहे. छोट्या दुकानाला स्वतंत्र संकेतस्थळापेक्षा आरंभी हेच पुरते.

नव्या गिऱ्हाइकाला विचारूनच नंबर घ्यावा आणि त्यांनाही आपला नंबर साठवायला सांगावे. एका प्रसारण यादीत २५६ जण घालता येतात, पण ज्याने आपला नंबर साठवला आहे त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे ही यादी आपोआप खऱ्या गिऱ्हाइकांची होते. निरोप महिन्यातून दोन-तीनच असावेत. रोज 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्याला लोक बंद करून टाकतात. सोसायटीच्या गटात जाहिरात टाकायची असेल, तर सेक्रेटरींना आधी विचारावे. कोथरूडकर परवानगी घेतल्याचे कौतुक करतात आणि न घेतल्याचे लक्षात ठेवतात.

दोन महिने न आलेल्या गिऱ्हाइकाला एक साधा निरोप पाठवावा: नवा गूळ आला आहे, हवा असल्यास ठेवतो. याला आम्ही नांग्या भरणे म्हणतो. नवे गिऱ्हाईक मिळवण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

हंगाम पाहून पेरा

जाहिरात बारमाही सारखी ठेवू नये. गुळाला जोर संक्रांतीआधीचे दोन-अडीच आठवडे. त्याच सुमारास आपल्याकडे गुऱ्हाळे आणि गळीत जोरात असते, म्हणजे दाखवायला ताजे चित्रही हाताशी असते. मग पाडवा, पुढे गणपती, मोदकांसाठी गूळ आणि तांदळाची पिठी, आणि दिवाळी. रसवंतीला मार्च ते मे. मेस आणि डबा यांना कॉलेजे सुरू होतात ते दिवस. बाकीच्या काळात नकाशावरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपची यादी यांवर भागवावे. दिवाळीत मोठ्या कंपन्या लिलावात उतरतात आणि बोली चढते. म्हणून नव्या गिऱ्हाइकाची लागण त्याआधी महिनाभर उरकावी आणि सणाच्या दिवसांत आपल्या यादीतल्या गिऱ्हाइकांनाच कळवावे.

खोटे लिहू नये

येथे आम्हाला थोडे परखड बोलावे लागेल. 'मधुमेहींना चालणारा गूळ' अशी जाहिरात काही ठिकाणी दिसते. गुळातही मुख्यतः साखरच असते, ही गोष्ट ऊसवाल्याला वेगळी सांगायला नको. असा दावा वाचून एखाद्या आजोबांनी मनसोक्त गूळ खाल्ला तर त्यांच्या प्रकृतीचे काय होईल, याचा विचार करावा.

कायदाही कडक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाखाली २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि फसव्या जाहिरातींविषयी जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'सेंद्रिय' हा शब्द पुराव्याशिवाय लिहू नये. 'कोल्हापुरी गूळ' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडचा गूळ त्या नावाने विकू नये. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घेऊन तिचा क्रमांक पुडीवर आणि पावतीवर द्यावा.

खरे सांगण्यातच चांगली जाहिरात आहे. हायड्रॉस पावडर न घातलेला गूळ रंगाने गडद असतो. पिवळाधमक गूळ पाहण्याची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला हे एका मिनिटाच्या व्हिडिओत समजावून सांगा. रस कसा उकळतो, मळी कशी काढतात, काय घालतात आणि काय घालत नाही, ते दाखवा. आपल्या घरी गुऱ्हाळ असेल तर हा व्हिडिओ बाहेरच्या कोणालाही नक्कल करता येणार नाही.

खाते आपल्याच हातात

जाहिरातीचे काम बाहेरच्या माणसाला द्यायला हरकत नाही, पण काही अटींवर. खाते आपल्या नावाने, आपल्या मोबाईल नंबरावर आणि आपल्या ई-मेलवर उघडावे. दुसऱ्याला फक्त काम करण्याची परवानगी द्यावी. जाहिरातीचा पैसा थेट कंपनीला आपल्या खात्यातून जावा आणि मेहनताना वेगळा द्यावा. आमच्या माहितीतल्या एका घरी दुकानाची नोंद आणि पान दोन्ही मध्यस्थाच्या नावाने होती. व्यवहार तुटल्यावर तीन वर्षांचे अभिप्राय आणि गिऱ्हाइकांचे नंबर त्याच्याकडेच राहिले. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी विहीर पाडत नाही, तसेच हे समजावे. आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये, मग तो स्वतःला कोणत्याही कंपनीचा म्हणवो.

थोडक्यात

१) आधी नकाशावरची मोफत नोंद पूर्ण करावी. महिनाभर अभिप्राय जमवावेत.
२) व्हॉट्सअ‍ॅपची यादी पहिल्या दिवसापासून ठेवावी.
३) पैशाची जाहिरात थोड्या रकमेने, दहा-पंधरा दिवस, लहान वर्तुळात करून पाहावी. टेकडीपलीकडचा आणि नदीपलीकडचा भाग वगळावा.
४) वगळायच्या शब्दांची खुरपणी दर आठवड्याला करावी.
५) वहीत दोन रकाने ठेवावेत, एक नव्या गिऱ्हाइकांचा आणि एक परत आलेल्यांचा. दुसरा रकाना वाढत नसेल तर जाहिरात थांबवून माल तपासावा.
६) कर्ज काढून जाहिरात करू नये.

सभासदांनी मुलांना पैसे नाकारावेत असे आम्ही म्हणत नाही. द्यावेत, पण वही मागून द्यावेत. लागण करताना आपण जसे सरीचे अंतर, डोळ्यांची संख्या आणि बेण्याचे वय विचारतो, तसेच येथे विचारावे: कोणत्या भागात दाखवणार, कोणाला दाखवणार, किती दिवस, आणि मागच्या वेळची किती गिऱ्हाइके परत आली? मुलाला या चारांची उत्तरे देता आली तर पैसा योग्य हातात आहे असे समजावे.

ज्यांना हिशेबाच्या वहीचा नमुना हवा असेल त्यांनी आपल्या शेतकी गट ऑफिसात नाव नोंदवावे. तेथे रकाने आखलेला तक्ता पाहायला मिळेल. पुढील अंकात खोडवा व्यवस्थापन आणि पाचट कुजवणे या विषयावर माहिती देऊ.